देहाचा स्वीकार आणि घराचा उंबरठा

अमरावती जिल्ह्यातील चांदूर बाजार तालुक्यातले माधान हे गाव प्रज्ञाचक्षू संत गुलाबराव महाराजांमुळे सर्वपरिचित आहे. 1881 साली जन्मलेल्या आणि शैशवातच दृष्टी गमावलेल्या या महापुरुषाने अवघ्या 34 वर्षांच्या आयुष्यात विपुल ग्रंथरचना केली. ते स्वतःला ज्ञानेश्वरकन्या म्हणवीत आणि श्रीकृष्णपत्नीच्या भावाने मंगळसूत्र, कुंकू ही सौभाग्यचिन्हे धारण करीत. वऱ्हाडने त्यांच्यापुढे श्रद्धेने माथा टेकला.

महाराजांचा तो मधुराभक्तीचा मार्ग होता. त्याला आजच्या लैंगिक ओळखीच्या चौकटीत बसविणे हा त्यांच्यावर अन्यायच ठरेल. तरीही एक प्रश्न उरतो. पुरुषदेहावरील सौभाग्यलेणे पाहून ज्या भूमीची श्रद्धा ढळली नाही, तेथील सुशिक्षित घरांना पोटच्या मुलाची निराळी चाल आणि निराळे हावभाव का सोसवत नाहीत?

विदर्भाच्या खडी गंमतीत स्त्रीभूमिका पुरुषच करीत आले. त्यांच्या पदन्यासाला गावाने दाद दिली. मात्र तोच हावभाव गल्लीतल्या एखाद्या पोरात दिसला की त्याची टिंगल सुरू होते. अशा मुलाला सर्वप्रथम स्वतःच्या शरीराचीच लाज वाटू लागते.

ही लाज कलेच्या साहाय्याने ओलांडणारे ठळक नाव म्हणजे लक्ष्मीनारायण त्रिपाठी. ठाण्यातील एका कर्मठ ब्राह्मण कुटुंबात जन्मलेले हे मूल बालपणी प्रकृतीने नाजूक होते. बायकी म्हणून हिणवले जात असताना नृत्याने त्याला आधार दिला. पुढे भरतनाट्यमचे शिक्षण झाले. ज्या देहाची इतरांनी हेटाळणी केली, तोच देह रंगमंचावर अभिव्यक्तीचे साधन बनला. ‘मी हिजडा, मी लक्ष्मी!’ हे त्यांचे मराठी आत्मकथन 2012 साली प्रसिद्ध झाले. 2015 साली किन्नर आखाड्याची स्थापना झाली आणि लक्ष्मी त्याच्या आचार्य महामंडलेश्वर झाल्या.

या प्रवासातील सर्वांत मोलाची गोष्ट मात्र रंगमंचावर घडली नाही. लक्ष्मींच्या आईवडिलांनी त्यांना घराबाहेर काढले नाही. धक्का त्यांनाही बसला, अश्रूही आले. पण घराचे दार उघडे राहिले. असे दार बंद झाल्यामुळेच अनेकांच्या वाट्याला सिग्नलवरची टाळी येते, हे सुजाण समाजाने ध्यानात घ्यावे.

कायद्याने आपले काम बरेचसे केले आहे. सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 रोजी तृतीयपंथीयांना स्वतंत्र ओळख दिली. 6 सप्टेंबर 2018 रोजी प्रौढांमधील संमतीने होणारे समलैंगिक संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून वगळले. त्या खटल्यातील प्रमुख याचिकाकर्ते नवतेजसिंग जोहर हेही भरतनाट्यम नर्तकच. सरसंघचालक मोहनजी भागवत यांनीही जानेवारी 2023 मधील मुलाखतीत, अशी माणसे समाजात पूर्वापार आहेत आणि आपणही समाजाचे अंग आहोत असे त्यांना वाटले पाहिजे, अशी भूमिका मांडली होती.

यावर काहींचा आक्षेप असतो की, देहाच्या स्वीकाराची ही भाषा पाश्चात्त्यांकडून आली असून तिच्या आडून उथळ प्रदर्शन चालते. उथळ कलेवर टीका जरूर व्हावी; कलाकृती रसिकाच्या कसोटीला उतरलीच पाहिजे. परंतु लेकराचे घरातील स्थान ही कसोटीची बाब नव्हे. कलाकृती नापसंत करता येते, अपत्य नापसंत करता येत नाही.

कला माणसाला आरशासमोर ताठ उभे राहण्याचे बळ देते. पण दिवसभराची हेटाळणी सोसून संध्याकाळी परतलेल्या मुलाला ‘जेवलास का?’ असे विचारणारी आई कोणतीही कला देऊ शकत नाही. म्हणूनच अमरावती-अकोल्यातील ज्या घरात असे एखादे मूल आज अबोल होऊन बसले असेल, त्या घराने न्यायालयाच्या पुढच्या निकालाची वाट पाहू नये. त्याच्या ताटाशेजारी आपले ताट मांडावे. परिवर्तनाचा आरंभ तेथूनच होईल.