फ्रिजमधील एकच कप्पा



वारंवार तहान, वारंवार लघवी आणि भरपूर खाऊनही उतरत जाणारे वजन ही मधुमेहाची तीन लक्षणे या स्तंभातून मी आपणांस कितीदा सांगितली असतील, याची गणना नाही. दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात ही तिन्ही लक्षणे तीन आठवडे माझ्याच घरात वावरत होती आणि ती मला दिसली नाहीत. ती ओळखली माझ्या मातोश्रींनी. रुग्ण होती आमची राणी, नऊ वर्षांची पांढरी कुत्री.

आपण सर्रास ज्याला पॉमेरेनियन म्हणतो, तो बहुधा इंडियन स्पिट्झ असतो, राणीही त्यातलीच. कन्या शिक्षणासाठी बंगळुरूस गेली, घर एकाएकी शांत झाले आणि पन्नाशीतील आम्हा पतिपत्नींनी उरलेली सारी माया या जिवावर ओतली. सकाळी चहाबरोबर मारी बिस्किट, चतुर्थीला मोदक, रात्री दूधपोळी. आठ-नऊ किलोंची असावयाची ती तेरा किलोंची झाली. पशुवैद्यांनी तिचे गर्भाशय व अंडाशय काढून टाकण्याविषयी दोनदा सुचविले. ‘कशाला त्या मुक्या जिवाला यातना’ म्हणून मी ते टाळले. रुग्णांना वजनावरून खडसावणारा मी घरी आलो की खिशातून बिस्किट काढीत असे.

एप्रिलमध्ये राणी पाण्याचे भांडे पुन्हा पुन्हा रिकामे करू लागली. उन्हाळा आहे, मी म्हटले. दिवाणखान्यात लघवी करू लागली. वय झाले, म्हटले. वजन उतरले, तेव्हा तर मला बरेच वाटले. अखेर एके सकाळी आई म्हणाली, “अरे, ही माझ्यासारखंच करतेय. मला साखर लागली तेव्हा मी अशीच रात्री तांब्या तांब्या पाणी प्यायची. हिचं रक्त तपास.”

रक्तातील साखर निघाली ४८० आणि लघवीतही साखर होतीच. पशुवैद्यांनी समजावले, ते मलाही नवे होते. आपल्याकडे प्रौढांचा मधुमेह बहुधा गोळ्यांनी पुष्कळ वर्षे आटोक्यात राहतो. कुत्र्यांत स्वादुपिंडातील इन्सुलिन निर्माण करणाऱ्या पेशीच बहुतांशी नष्ट झालेल्या असतात, म्हणून गोळ्यांचा उपयोग नसतो. इन्सुलिन लागते, सामान्यतः दिवसातून दोनदा, जेवणाच्या वेळी. शिवाय शस्त्रक्रिया न झालेल्या मादीत माजानंतर वाढणारी संप्रेरके इन्सुलिनला दाद लागू देत नाहीत. मी टाळलेली शस्त्रक्रिया मग या आजारपणात करावी लागली.

आता मातोश्रींविषयी. त्या वेळी त्यांचे वय ७८. गोळ्यांची मर्यादा संपलेली, तीन महिन्यांची सरासरी साखर दहाच्या वर. मी आठ महिने इन्सुलिनसाठी विनवीत होतो. त्यांचे उत्तर ठरलेले : “आक्काला सुई लागली आणि सहा महिन्यांत गेली. सुई म्हणजे शेवट.” आक्का मूत्रपिंडाच्या विकाराने गेल्या आणि इन्सुलिन त्यांना फार उशिरा मिळाले, हे मी कितीही सांगितले तरी व्यर्थ. हा समज आपल्यापैकी अनेकांच्या घरी असेल. उपचार शेवटी सुरू होतो, म्हणून शेवट उपचारामुळे झाला असे वाटते.

आईच्या डोळ्यांदेखत राणीला सकाळ-संध्याकाळ सुई टोचली जाऊ लागली. मानेमागची सैल कातडी चिमटीत धरायची, बारीक सुई, क्षणाचे काम. राणीचे लक्ष वाटीतल्या भातातच. तीन आठवड्यांत पाणी पिणे उतरले, केसांना तकाकी आली. आई काही बोलत नव्हती; पाहत मात्र होती.

आणि मग माझ्याच हातून चूक झाली. एके रात्री आठ वाजता पत्नीने राणीला इन्सुलिन दिले. मी दवाखान्यातून साडेनऊला आलो आणि न विचारता पुन्हा दिले. रात्री एकच्या सुमारास राणी लटपटत कपाटावर आदळली, खाली पडून थरथरू लागली. साखर ३८. मी बोटावर मध घेऊन तिच्या हिरड्यांना चोळत राहिलो, पत्नीने पशुवैद्यांना उठविले, शिरेतून ग्लुकोज गेल्यावर पहाटे तिने मान उचलली. घरी परतलो तर आई देवघरासमोर बसून होती. “पाहिलंस? म्हणूनच नको म्हणते मी.” यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते.

काळजीवाहकांनो, येथे थोडे थांबा. ज्या घरात औषध देणारे दोन हात आहेत, तेथे दोनदा दिले जाण्याचा धोका असतो. दिल्याबरोबर लिहून ठेवावे आणि लिहिलेले पाहिल्याशिवाय देऊ नये. शंका असल्यास दुसऱ्यांदा देऊ नये, डॉक्टरांना विचारावे. माणसाची साखर ७० च्या खाली गेली आणि तो शुद्धीवर असला, तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी व पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावी. शुद्ध हरपली असल्यास तोंडात पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते. तातडीने रुग्णालय गाठावे.

त्या रात्रीनंतर आईने एक वही केली. आमच्यावर विश्वास उरला नव्हता. शाळेत शिक्षिका असताना हजेरीपट आखीत, तसा रकाना आखला : राणी, सकाळ, संध्याकाळ. सुई दिली की त्यांच्यासमोर हजर व्हायचे, मग बरोबरची खूण.

पावसाळ्यात चपलेने त्यांच्या अंगठ्यापाशी जखम झाली. पाच आठवडे झाले, भरेना. मला रात्री झोप लागेना. अशा जखमांचे पुढे काय होते, ते मी पाहिले आहे. एका संध्याकाळी ड्रेसिंग करता करता, केवळ मन रमावे म्हणून, मी त्यांना गोष्ट सांगितली. १८८९ साली स्ट्रासबर्ग येथे मिन्कोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढले आणि त्याला मधुमेह झाला. या आजाराचे मूळ कोठे आहे, ते तेव्हा कळले. १९२१ मध्ये टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी कुत्र्यांवरच प्रयोग करून इन्सुलिन मिळविले. मार्जोरी नावाची एक कुत्री त्या अर्कावर सुमारे सत्तर दिवस जगली. जानेवारी १९२२ मध्ये ते प्रथम एका चौदा वर्षांच्या मरणासन्न मुलाला देण्यात आले.

“त्या कुत्रीचं पुढे काय झालं?”

“गेली, आई.”

त्या गप्प झाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी वही उघडली, तर राणीच्या रकान्याशेजारी दुसरा रकाना आखलेला होता. वर लिहिले होते : मी.

जखम भरावयास आणखी दोन महिने लागले, पण भरली. आता फ्रिजच्या मधल्या कप्प्यात दोन डबे असतात. आईचे पेन शंभर युनिटचे, राणीची कुपी चाळीसची. चाळीसच्या लाल टोपीच्या सिरिंजमध्ये शंभरचे इन्सुलिन भरले तर अडीचपट मात्रा जाते, म्हणून डबे वेगळ्या रंगांचे ठेवले आहेत. आपणही कुपीवरील आकडा आणि सिरिंजवरील आकडा जुळवून पाहत जा. इन्सुलिन बर्फाच्या कप्प्यात ठेवू नका. एकदा गोठले की ते निरुपयोगी.

राणीला दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला. मधुमेही कुत्र्यांत तो फार लवकर होतो. तिला दिसत नाही, म्हणून आम्ही घरातील एकही खुर्ची हलवीत नाही. फ्रिजचे दार उघडल्याचा आवाज आला की ती येऊन आईच्या पलंगापाशी बसते. काल रात्री त्याच पलंगाखाली मला मारी बिस्किटाचा चुरा सापडला. मी आईकडे पाहिले. त्या जपमाळ ओढीत होत्या.