माग विकण्याआधी

गेल्या महिन्यात आम्ही विट्याला नात्यातल्या एका घरी उतरलो होतो. घरामागच्या शेडमध्ये आठ यंत्रमाग, त्यातले तीन बंद. रात्रीची जेवणे झाली आणि तिघा भावांत वाद सुरू झाला. थोरल्याचे म्हणणे, मजुरीवर कापड विणून घर चालत नाही. माग भंगारात घालू आणि मोबाईलचे दुकान टाकू. धाकट्याला ते पटेना. मधला गप्प. अम्मी एवढेच बोलल्या, "भांडवल कुठलं? माझ्या बांगड्याच ना?"

आम्हाला सल्ला विचारला, तेव्हा वालचंदनगर आठवले.

इंदापूर तालुक्यातले हे गाव उसावर आणि साखरेवर वसले. तिथल्या वालचंदनगर इंडस्ट्रीजने साखर कारखान्यांची यंत्रे केली, बॉयलर केले, सिमेंट कारखान्यांची यंत्रे केली, अणुभट्ट्यांसाठी भाग केले. आणि इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटच्या पहिल्या टप्प्याचे पोलादी कवचही तिथे तयार झाले. हे कवच २.८ मीटर व्यासाचे असते, आत सुमारे १३९ टन घन इंधन जळते.

साखरेवरून थेट अंतराळात? वरवर पाहता उडी मोठी वाटते. पण काम जवळचेच आहे. बॉयलरमध्ये वाफेचा दाब कोंडायचा, रॉकेटच्या कवचात जळत्या वायूचा. दोन्हीकडे पोलादाचा जाड पत्रा गोल वळवायचा, सांधा निर्दोष जोडायचा, दाब देऊन तपासायचा. रॉकेटला पोलाद वेगळे लागते आणि चूक अजिबात चालत नाही, म्हणून शिकावे खूप लागले. पण हात तेच होते. अशा कंपनीनेही तोट्याची वर्षे पाहिली आहेत. नवे काम धरले की बरकत आलीच, असे नसते.

दुसरी गोष्ट वालचंद हिराचंद यांचीच. १९१९ मध्ये ते सिंदिया या जहाज कंपनीच्या उभारणीत होते. डिसेंबर १९४० मध्ये त्यांनी म्हैसूर संस्थानच्या साथीने बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट काढली. १९४४ मध्ये मोटारींसाठी प्रीमियर ऑटोमोबाइल्स आली. प्रत्येक धंद्याची कंपनी वेगळी, वही वेगळी. युद्ध पेटले आणि १९४२ मध्ये सरकारने विमान कारखाना ताब्यात घेतला. विमानाचे स्वप्न हातातून गेले, पण त्यापायी जहाजे बुडाली नाहीत की साखरेचे गाळप थांबले नाही. तोच कारखाना पुढे १९६४ मध्ये हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा भाग झाला. तिथेही कामाची वाटणी ठरलेली: मिग विमानाचा सांगाडा नाशिकजवळ ओझरला, इंजिन कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला.

आपल्या घरांत नेमके इथेच चुकते. मागाचा पैसा दुकानात, दुकानाचा लग्नात, लग्नाची उधारी पुन्हा मागावर. कोणता धंदा कमावतो आणि कोणता खातो, हे कळेपर्यंत बांगड्या गेलेल्या असतात.

विट्याच्या लोकांना हे नवीन नाही. या भागातले गलाई व्यावसायिक सोने-चांदी गाळण्याचे एकच कसब घेऊन देशभर गेले. त्यांनी गाव बदलले, हातातली विद्या बदलली नाही.

आम्ही त्या रात्री थोरल्याला विचारले, "मोबाईल दुरुस्त करता येतो का घरात कुणाला?" नाही म्हणाला. मग मधल्याकडे वळलो. गल्लीत कुणाचाही माग अडला की यालाच बोलावणे येते, हे आम्ही दोन दिवस पाहत होतो. तो जॉबरचे काम उत्तम करतो, आणि बहुतेक वेळा चहावरच.

म्हणून आमचा सल्ला असा. चालू पाच माग चालू ठेवा. बंद तिघांच्या जागेत दुरुस्तीचे आणि सुट्या भागांचे काम सुरू करा. त्याची वही वेगळी, जबाबदारी मधल्याची. हिशेब मात्र तिसऱ्याने तपासावा. करणाऱ्याने स्वतःचेच काम पास करू नये. आणि किती रक्कम बुडाली तर थांबायचे, तो आकडा आजच लिहून अम्मींकडे द्या.

थोरल्याला सगळे पटले असे नाही. पण निघताना मधला दारापर्यंत आला आणि म्हणाला, "मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं."

तुमच्या घरातही असा एखादा गप्प बसलेला असेल. दागिने मोडण्याआधी त्याला विचारा.