पहिल्या हप्त्यापलीकडचा विमा एजंट

मुंबई (खास प्रतिनिधी) : पगार नाही, हजेरीपट नाही आणि बदलीची धास्तीही नाही, अशा १३ लाखांहून अधिक माणसांकडून काम करवून घ्यायचे कसे? भारतीय आयुर्विमा महामंडळापुढे (एलआयसी) १९५६ मधील स्थापनेपासून हा प्रश्न आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये कमिशनचे दर बदलल्यानंतर मात्र त्याला नव्याने धार आली.

एजंट हा महामंडळाचा नोकर नव्हे. त्याला नेमणारा व शिकवणारा विकास अधिकारी पगारी असतो. पण तोही एजंटाला हुकूम देऊ शकत नाही. क्लबचे सदस्यत्व, सत्कार, मार्चअखेरच्या स्पर्धा यांनी उत्साह वाढतो, घर चालत नाही. त्यामुळे एजंट कोणाच्या दारी जाईल, काय विकेल आणि पुन्हा त्या दारी फिरकेल की नाही, हे अखेरीस कमिशनचा तक्ताच ठरवतो.

हा तक्ता आजवर पहिल्या वर्षाकडे झुकलेला होता. अनेक पारंपरिक योजनांत पहिल्या वर्षाच्या हप्त्यावर ३५ टक्के आणि पुढे अवघे ५ टक्के, असे कमिशन मिळे. परिणामी नवी पॉलिसी आणणारा एजंट यशस्वी ठरे, जुनी टिकवणारा दुर्लक्षित राहे. विमा कायद्याच्या कलम ४१ नुसार ग्राहकाला कमिशनमधून सूट देणे हा गुन्हा आहे. तरीही पहिल्या हप्त्यातील काही वाटा एजंटाने स्वतःच्या खिशातून भरण्याची प्रथा सुटली नाही. आग्रहाखातर घेतलेली अशी पॉलिसी दोन-तीन वर्षांत बंद पडते आणि तोटा ग्राहकाच्या पदरी येतो.

बदलाचे कारण

विमा नियामक प्राधिकरणाच्या नव्या नियमांमुळे १ ऑक्टोबर २०२४ पासून एक वर्षाचा पूर्ण हप्ता भरलेल्या ग्राहकालाही पॉलिसी मोडल्यास काही रक्कम परत मिळू लागली. पहिल्या हप्त्याचा मोठा भाग कमिशनवर खर्च करणे त्यामुळे कंपन्यांना परवडेनासे झाले. महामंडळाने पहिल्या वर्षाचे कमिशन २८ टक्क्यांवर आणले आणि पुढील ५ टक्क्यांचा दर ७.५ टक्के केला. एजंटांच्या संघटनांनी त्यास विरोध केला.

हा विरोध निराधार नव्हता. वार्षिक २० हजार रुपये हप्त्याच्या पॉलिसीवर पूर्वी पहिल्या वर्षी ७ हजार रुपये मिळत. आता ५,६०० मिळतात. १,४०० रुपयांची ही तूट भरून निघण्यास वाढीव दराचा, म्हणजे वर्षाला ५०० रुपयांचा, लाभ तीन वर्षे मिळावा लागतो. पंधरा-वीस वर्षे व्यवसायात असलेल्या एजंटाकडे जुन्या पॉलिसींची गंगाजळी असते. नवख्याकडे असतात फक्त नातलग आणि शेजारी. ते संपले की त्याचा उत्साहही संपतो.

विमा सखीचा धडा

या अडचणीवरचा एक मार्ग महामंडळानेच दाखवला आहे. ९ डिसेंबर २०२४ रोजी पानिपत येथे सुरू झालेल्या 'विमा सखी' योजनेत महिला एजंटांना कमिशनखेरीज पहिल्या वर्षी दरमहा ७ हजार, दुसऱ्या वर्षी ६ हजार आणि तिसऱ्या वर्षी ५ हजार रुपये विद्यावेतन ठेवले आहे. महत्त्वाची आहे ती अट : पहिल्या वर्षी केलेल्या पॉलिसींपैकी किमान ६५ टक्के दुसऱ्या वर्षअखेर चालू असल्या पाहिजेत. म्हणजे उमेदवारीच्या काळात आधार आणि त्याच्या बदल्यात टिकाऊ काम, असा हा सौदा आहे.

सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्राने एजंटांच्या ग्रॅच्युइटीची मर्यादा ३ लाखांवरून ५ लाख रुपये केली. तेही योग्यच झाले. परंतु त्याचा लाभ टिकलेल्यांनाच. खरी गळती होते ती पहिल्या तीन वर्षांत.

कमिशनचे वजन पुढील वर्षांकडे सरकवणे ग्राहकाच्या हिताचेच आहे. मात्र नव्या एजंटाला तोवर तग धरण्याची सोय न करता केवळ पहिला वाटा कापला, तर तो दुसरे काम शोधेल आणि त्याने विकलेल्या पॉलिसी वाऱ्यावर पडतील. विम्याचा हप्ता वीस वर्षे भरायचा असतो. तो भरण्याची आठवण करून देणारा माणूसही तितकाच काळ टिकायला हवा.