अ‍ॅम्प्लिफायर, कंडिशनर आणि भिंतीतलं तिसरं भोक

परवा एका मित्राने मुद्दाम घरी बोलावलं. ‘ये आणि ऐक. पॉवर कंडिशनर घेतलाय. केसरबाई काय गायला लागल्यात बघ!’ मंगळवार पेठेतलं त्याचं जुनं घर, नवा कोरा कंडिशनर आणि किंमत ४०,००० रुपये. ऐकलं. केसरबाई नेहमीसारख्याच गात होत्या, म्हणजे उत्तमच. सहज अ‍ॅम्प्लिफायरच्या खोक्यावर हात टेकला आणि बोटांना झिणझिण्या आल्या.

अ‍ॅम्प्लिफायर थेट भिंतीत लावायचा की कंडिशनरमधून, हा आमच्यातला जुना वाद. आज माझी बाजू एकदाची मांडून टाकतो. माझं मत सरळ आहे: अ‍ॅम्प्लिफायर भिंतीतच लावावा. फक्त भिंत धड असावी!

भिंतीतली वीज काही जशीच्या तशी स्पीकरला जात नाही. आत ट्रान्सफॉर्मर ती उतरवतो, डायोड तिला एका दिशेला वळवतात आणि मोठे कपॅसिटर ती साठवून ठेवतात. आपण ऐकतो ते या साठ्यातून. आणि हा साठा संथपणे भरत नाही. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला १०० वेळा, व्होल्टेज शिखरावर असताना तेवढा घटकाभर कपॅसिटर मोठा घोट घेतात. मधे कमी ताकदीचं कॉइल किंवा छोटा ट्रान्सफॉर्मर असलेलं खोकं आलं की नेमका तो घोट अडतो. तबल्याची थाप पडते तेव्हा लागणारी वीज अशी अडवायची आणि वर तिला ‘शुद्ध’ म्हणायचं?

बरं, शुद्ध करायचं म्हणजे काय? अल्लादिया खाँसाहेबांना शाहू महाराजांनी कोल्हापुरात आश्रय दिला. त्यांच्या शिष्या केसरबाई. १९७७ साली त्यांची भैरवी व्हॉयेजर यानांवरून अंतराळात गेली. त्यांच्या ७८च्या तबकड्यांवर जी खरखर आहे ती तबकडीतच आहे. ती कुठल्याही कंडिशनरने जाणार नाही.

‘पण माझ्या सिस्टिमला हम् येतो’ म्हणणारे बरेच भेटतात. एक करून बघा. टीव्हीला येणारी केबलवाल्याची वायर काढा. हम् थांबला तर दोष विजेचा नाही, दोन वाटांनी आलेल्या अर्थिंगचा आहे. तिथे कंडिशनर काय करणार? काही महाभाग मात्र प्लगची अर्थची पिनच काढून टाकतात. हम् जातो, हे खरं. उद्या आत फेजची वायर सुटून खोक्याला टेकली तर काय जाईल, याचा विचार कोणी करत नाही.

आता झिणझिण्यांचं. वायरमनला बोलावलं. त्याने टेस्ट लॅम्प फेज-न्यूट्रलवर धरला, लख्ख पेटला. फेज आणि अर्थवर धरला, ढिम्म. सॉकेट तीन भोकांचं, पण तिसऱ्या भोकामागे वायरच नव्हती! कंडिशनरमधले फिल्टरचे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून अर्थला जोडलेले असतात. अर्थच नसेल तर सगळी पत्र्याची खोकी अर्ध्या व्होल्टेजच्या आसपास, म्हणजे ११५च्या घरात तरंगत राहतात. करंट अगदी थोडा, म्हणून नुसत्या मुंग्या. पण कंडिशनर येण्याआधी त्या घरात मुंग्यासुद्धा नव्हत्या. आणि वळवाच्या विजांपासून संरक्षण म्हणून जे घेतलं, त्याने वरची लाट अर्थकडे ढकलायची, तर ढकलणार कुठे?

दुसरी बाजूही सांगतो. ऊसपट्ट्यातल्या गावात मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज बसतं. तिथे दमदार स्टॅबिलायझर हवाच, अ‍ॅम्प्लिफायरच्या गरजेपेक्षा बराच मोठा. न्यूट्रल तुटला तर घरात २३०च्या जागी ४००पर्यंत व्होल्टेज येऊ शकतं. त्यासाठी वाढीव व्होल्टेजला लाइन तोडणारं उपकरण मीटरजवळ लावावं. सीडी प्लेअर, टर्नटेबल यांची भूक लहान, त्यांना फिल्टर लावलात तर बिघडत नाही. पण ही झाली राखण. तिला ‘आवाज उघडला’, ‘पडदा दूर झाला’ अशी नावं देऊन विकू नये, आणि आपण विकत घेऊ नये.

तेव्हा पैसे असतील तर आधी अर्थिंगचा खड्डा नीट करून घ्या आणि उन्हाळ्यात त्यात पाणी घाला. मग मीटरपासून सिस्टिमपर्यंत जाड तांब्याची स्वतंत्र वायर, घट्ट बसणारं सॉकेट आणि ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी. हे सगळं झाल्यावरही पैसे उरले तर रेकॉर्ड घ्या.

असो. मित्राने अर्थिंग करून घेतलं. झिणझिण्या गेल्या. अ‍ॅम्प्लिफायर आता भिंतीत आहे, कंडिशनरवर टर्नटेबल. काल फोन आला, ‘अरे, आवाज आणखी खुललाय!’

मी काही बोललो नाही. तुम्ही मात्र या आठवड्यात वायरमनला बोलवा आणि ते तिसरं भोक तेवढं तपासून घ्या.