दोन बोटं माया

शिवणकामात एक शब्द आहे, माया. शिवणीच्या आत शिंपी जे जादा कापड दुमडून ठेवतो, ती माया. आज अंगाला नीट बसणारं पोलकं दोन वर्षांनी घट्ट झालं, तर टीप उसवायची, माया सोडायची आणि नवी टीप मारायची, की झालं. 'मायेला दोन बोटं ठेवा हं' असं आपल्या आया-आज्या शिंप्याला बजावून सांगत. ही सोय असायची वाढत्या वयाच्या मुलींसाठी. पण खरं सांगायचं तर तिची सर्वांत जास्त गरज असते ती चाळिशीच्या आसपास पुन्हा नोकरीला निघालेल्या बाईला.

हे सुचलं इंदूरच्या मल्हारगंजात. राजवाड्याकडून बडा गणपतीच्या दिशेने जाताना लागणारी ही जुनी वस्ती. मल्हारराव होळकरांचं नाव मिरवणारी. इथल्या मराठी घरांतून अजून माळव्याच्या हिंदीने रंगलेली गोड मराठी ऐकू येते. आमच्या नात्यातली एक सून अकरा वर्षांनी पुन्हा नोकरीवर रुजू होणार होती. मुलं मोठी झाली, सासूबाईंची परवानगी होती, नेमणुकीचं पत्रही हातात होतं. अडलं होतं ते कपड्यांपाशी. जुनं काही अंगात शिरत नव्हतं, आणि नव्यासाठी फारसे पैसे नव्हते. घरात तिला तीन सल्ले मिळाले. एक, आधी वजन उतरव, मग कपडे घे. दोन, दोन भारी ड्रेस घे, छाप पडते. तीन, साड्यांनी कपाट भरलंय की, आणखी काय हवं?

वाचकहो, हे तिन्ही सल्ले आपल्या पणजी-मडगावातही जसेच्या तसे मिळतात. म्हणून त्यांचा जरा समाचार घेऊ.

पहिला सल्ला सर्वांत घातक. वजन उतरेल तेव्हा उतरेल, नोकरी सोमवारपासून आहे. जुन्या मापाच्या आशेवर घेतलेला घट्ट कुर्ता दिवसभर सांगत राहतो की तू आता ती राहिली नाहीस. मग बाई ओढणी सावरत, पोट आत घेत बसते आणि मीटिंगमध्ये बोलायचं ते राहून जातं. २०१७ च्या कायदादुरुस्तीने बाळंतपणाची रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर आली, मोठ्या आस्थापनांना पाळणाघराची सक्ती झाली. उत्तमच झालं. पण सव्वीस आठवड्यांनी परतणाऱ्या बाईचं अंग तेच राहिलेलं नसतं, ही गोष्ट कुठल्या कायद्यात बसत नाही. ती घरच्यांनीच समजून घ्यायची. आजचं माप हेच खरं माप. ते घ्यावं, आणि शिंप्याला माया सोडायला सांगावी. कपडा अंगाप्रमाणे बदलला पाहिजे, अंगाने कपड्याची मिनतवारी करायची नाही.

दुसरा सल्ला भारी कपड्यांचा. त्यात छाप एकदाच पडते, पैसा मात्र कायमचा जातो. आठवड्याचे दिवस पाच-सहा, आणि भारी ड्रेस दोन! कपड्याची किंमत चिठ्ठीवर बघू नये, तो किती वेळा अंगावर येणार त्याने भागून बघावी. तीन हजारांचा ड्रेस वर्षात सहादा घातला तर दर वेळेला पाचशे पडतात. आठशेचा कुर्ता चाळीस वेळा घातला तर वीस. हे गणित आपल्या बायका भाजीबाजारात तोंडपाठ करतात, कापडाच्या दुकानात मात्र विसरतात.

मग करायचं काय? मल्हारगंजाचं भाग्य असं की कापडाचे बाजार हाकेच्या अंतरावर. एकीकडे महाराजा तुकोजीरावांच्या नावाचं क्लॉथ मार्केट, दुसरीकडे सीतलामाता बाजार. तिथे माझं मत मी तिला स्पष्ट सांगितलं. हातात समजा पाच हजार असतील, तर त्यातले निदान दीड हजार शिंप्यासाठी आधीच बाजूला काढ. दुकानदाराला कमी आणि शिंप्याला जास्त, हा हिशेब लक्षात ठेव. साधं सुती कापड चांगल्या हाताने शिवलेलं असलं तर महाग दिसतं, आणि महाग कापड खांद्यावरून ओघळत असलं तर उसनं आणल्यासारखं दिसतं.

तयार कपडा घेताना सगळ्यात आधी खांदा बघावा. खांद्याची शिवण हाडाच्या टोकाशी यायला हवी. बाजू आत घेता येतात, लांबी कमी करता येते, बाही आखूड करता येते. खांदा आणि मुंढा दुरुस्त करणं मात्र नवं शिवण्याइतकंच किचकट. बाही दंडाच्या सर्वांत भरलेल्या जागी संपू नये, कोपराच्या जरा वर किंवा खाली संपावी. कुर्त्याची कडही मांडीच्या रुंद भागावर न थांबता गुडघ्याच्या आसपास यावी. अंग लपवायला ढगळ घातलं की अंग दुप्पट दिसतं, हेही ध्यानात ठेवावं. सुती कापड शिवायच्या आधी एकदा पाण्यातून काढावं, नाहीतर पहिल्या धुण्यात शिंप्याची सगळी मेहनत आटते. आणि रंग असे निवडावेत की पाच कुर्ते तीन सलवारींवर कसेही चालतील. पाच त्रिक पंधरा. महिना निघतो.

राहिला तिसरा सल्ला, साड्यांचा. त्यात अर्धं तथ्य आहे. साडीला माप नसतं. सासूची सुनेला होते, आईची लेकीला. माहेश्वरीसारखी हलकी साडी तर कामावर जाणाऱ्या बाईसाठीच विणली असावी असं वाटतं. अंग साधं, काठ नेटका, आणि काठ दोन्ही बाजूंनी सारखा, म्हणजे उलटूनही नेसता येते. ज्या अहिल्याबाईंच्या माहेश्वरशी ही साडी जोडलेली आहे, त्यांची पांढऱ्या साध्या वस्त्रातली चित्रं घराघरांत आहेत. १७६७ पासून १७९५ पर्यंत त्यांनी राज्य चालवलं. त्या साधेपणाने त्यांचा दरारा कमी झाला नाही. तेव्हा कपाटातल्या साड्या वापराव्यातच, फक्त दोन-तीन नवे ब्लाउज आजच्या मापाचे शिवून घ्यावेत. पण ज्या बाईला स्कूटरवरून मुलाला शाळेत सोडून पुढे धावायचं आहे, तिला रोज साडीची सक्ती करणं हा संस्कृतीचा अभिमान नव्हे, दुसऱ्याच्या पायाने केलेली हौस आहे. न नेसल्या जाणाऱ्या साडीचे सरळ दोन कुर्ते शिवावेत. साडेपाच मीटरमध्ये निघतात.

कोणी म्हणेल, काम बघा, कपडे काय बघता? तत्त्व म्हणून मला मान्य आहे. पण सरकारही कपडे बघतं. महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये कर्मचाऱ्यांनी काय घालावं याचं परिपत्रक काढलं होतं. मार्च २०२४ मध्ये शिक्षकांसाठीही काढलं. आणि कार्यालयातली नजर तर परिपत्रकाची वाट बघतच नाही. पुरुष दहा वर्षं तोच शर्ट घालतो, त्याला कोणी विचारत नाही. बाईला मात्र 'काय, परवाचाच ड्रेस?' हे ऐकावं लागतं. यावर उपाय कपाट भरणं नव्हे. पुन्हापुन्हा तेच चार जोड नीट इस्त्री करून, ताठ मानेने घालणं, हाच.

आपल्याकडे गोव्यात जरा वेगळी अडचण. साडीला 'कापड' म्हणणारी आपली माणसं, चवथीला नवं कापड हवंच. पण चार महिने पाऊस, कपडे वाळत नाहीत, कपाटात बुरशी धरते. तिथे ढीगभर घेऊन ठेवणं म्हणजे ते कुजवणं. चार जोडांनी सुरुवात करावी. उरलेलं पहिल्या पगारानंतर. तोवर आपल्याला नक्की काय लागतं तेही कळतं. एसीत बसायचं की उन्हात फिरायचं, बसने की स्कूटरने, ते पहिल्या दिवसाआधी सांगता येत नाही.

शेवटी एक घरातल्या कर्त्या माणसांसाठी. परतणारी बाई पहिला पगार हातात येईपर्यंत कपड्यांसाठी पैसे मागायला संकोचते. मुलाच्या गणवेशाला, नवऱ्याच्या बुटांना कुणी हिशेब विचारत नाही. तिच्या चार कुर्त्यांनाही विचारू नये. ते पैसे नोकरीच्या खर्चात धरावेत, बसच्या पासासारखे. आणि तेही तिने तोंड उघडण्याआधी, न मागता द्यावेत.