ठिपके मोजा, मग फवारणी करा

कुही तालुक्यात कपाशीवर किंवा मिरचीवर मावा दिसला, की पाठीवर पंप चढतो. त्याच झाडावर मावा फस्त करणारा ढालकिडा, म्हणजे लेडीबर्ड बीटल, बसलेला असतो. औषधाने तोही मरतो, आणि मावा लवकरच पुन्हा वाढतो.

‘ढालकिडे सोडा’ असा सल्ला हल्ली बराच मिळतो, पण कोणते, हे क्वचितच सांगितले जाते. पाठीवर काळ्या नागमोडी रेघा असलेला सहा ठिपक्यांचा ढालकिडा ऊन सोसतो. खरिपातल्या कपाशीवर, चवळीवर तोच कामाचा. सात ठिपक्यांचा लालभडक ढालकिडा थंडीतला. करडई, मोहरी, गव्हावरचा मावा खातो. भर सप्टेंबरच्या कपाशीत त्याच्यावर भिस्त ठेवण्यात फारसा अर्थ नाही. क्रिप्टोलीमस हा काळ्या पाठीचा, तांबूस डोक्याचा किडा १८९८ मध्ये ऑस्ट्रेलियातून भारतात आणला गेला. तो विकतही मिळतो, पण त्याचे मुख्य खाद्य पिठ्या ढेकूण. संत्र्याच्या किंवा द्राक्षाच्या बागेत ती कीड असेल तर पैसे वसूल होतात. मिरचीवरच्या फुलकिड्यांसाठी सोडला तर पाण्यात जातात. आणि अठ्ठावीस ठिपक्यांचा त्यांचा भाऊबंद तर चक्क वांग्याची पाने खरवडून खातो. त्याला मित्र समजू नये.

हा विषय आरोग्याच्या सदरात कशाला? २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. डोक्याएवढ्या कपाशीत, दमट उकाड्यात, उघड्या अंगाने फवारताना विष कातडीतून आणि श्वासातून शरीरात जाते. दरदरून घाम, तोंडाला लाळ, बारीक झालेल्या बाहुल्या ही ऑर्गॅनोफॉस्फेट विषबाधेची लक्षणे. अशा वेळी कपडे काढून अंग साबणाने धुवावे आणि रुग्णासोबत औषधाची बाटली दवाखान्यात न्यावी. पण टळलेल्या फवारणीइतका स्वस्त उपचार दुसरा नाही.

कुहीसारख्या भागात ढालकिडे विकत घेण्यापेक्षा आहेत ते जगवणे शहाणपणाचे. अडचण त्यांच्या अळीची आहे. काळपट, नारिंगी ठिपक्यांची, इवल्याशा मगरीसारखी ही अळी प्रौढ किड्याइतकीच खादाड, पण दिसायला कीडच वाटते. क्रिप्टोलीमसची अळी तर पांढऱ्या मेणचट धाग्यांमुळे हुबेहूब पिठ्या ढेकणासारखी दिसते. पंप भरण्याआधी चार-सहा ठिकाणची पाने उलटून बघावीत. माव्यात अशा अळ्या फिरताना दिसल्या, तर काही दिवस थांबून पुन्हा पाहावे. कपाशीच्या कडेने चवळीच्या दोन ओळी असतील तर उत्तम. तिच्यावरच्या माव्यावर सहा ठिपक्यांचा ढालकिडा आधी वाढतो आणि तिथून कपाशीत येतो.