देव ओळख का देत नाही?

अकोले तालुक्यातील भंडारदऱ्याच्या परिसरावर कळसूबाईच्या शिखराची सावली आहे. समुद्रसपाटीपासून १६४६ मीटर उंचीचे हे शिखर महाराष्ट्रातील सर्वांत उंच स्थान होय. माथ्यावर देवीचे छोटेसे मंदिर असून नवरात्रात तेथे आसपासच्या गावांतील भाविकांची रीघ लागते. या देवीची जी कथा डोंगराच्या दोन्ही अंगांना सांगितली जाते, ती विलक्षण साधी आहे. काळसू नावाची एक मुलगी इंदोरे गावी एका घरी कामाला राहिली. भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही, एवढीच तिची अट होती. एके दिवशी नेमकी तीच कामे तिला सांगण्यात आली. तिने ती निमूटपणे केली आणि ती डोंगर चढून जी गेली, ती परत आलीच नाही. जेथे तिने भांडी घासली ती जागा ‘थाळेमेळ’ आणि जेथे केर काढला तो ‘काळदरा’, अशी नावे लोकांनी जपून ठेवली आहेत. देवी घरात राहत होती. परंतु घरातल्यांना दिसली ती केवळ मोलकरीण!

ईश्वर असेल तर तो सर्व मानवजातीला उघडउघड दर्शन का देत नाही, हा प्रश्न फार जुना आहे आणि तो पोरकट समजून उडवून लावण्याजोगा मुळीच नाही. कॅनडातील तत्त्वज्ञ जॉन शेलेनबर्ग यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्याला काटेकोर युक्तिवादाचे रूप दिले. ईश्वर परिपूर्ण प्रेमस्वरूप असेल, तर जो त्याला विरोध करीत नाही, उलट प्रामाणिकपणे शोधतो, त्याला तो अंधारात ठेवणार नाही. परंतु असे प्रामाणिक शोधक रिकाम्या हाताने परततात, हे तर जगाला दिसते आहे. तेव्हा असा ईश्वर नाही, असा त्यांचा निष्कर्ष आहे. महाराष्ट्राला तर हा युक्तिवाद अधिकच बोचावा. कारण येथील भक्तांनी देवाला राजा किंवा न्यायाधीश म्हणण्यापेक्षा ‘माउली’ म्हणणे पसंत केले. लेकरू रडत असताना कोणती माउली दाराआड लपून बसेल?

या प्रश्नाला जे ठरीव उत्तर दिले जाते, ते असे की, देव प्रकटच आहे, पाहणाऱ्याची दृष्टी मलिन आहे. हे उत्तर सोयीचे आहे. कारण त्यात सगळा दोष न दिसणाऱ्याच्या माथी मारता येतो. पण ते न्याय्य आहे काय? गोपाळ गणेश आगरकरांना बुद्धीच्या कसोटीवर ईश्वराची खात्री पटली नाही आणि पटल्याचे सोंग त्यांनी केले नाही. त्यांच्या हयातीत पुण्यात त्यांची प्रेतयात्रा काढण्यात आली, तरीही ते ढळले नाहीत. अशा पुरुषाची दृष्टी मलिन आणि त्या प्रेतयात्रेत नाचणाऱ्यांची निर्मळ, असे म्हणण्यास मोठेच धाडस हवे. प्रामाणिक संशय हे पाप नव्हे, एवढे मान्य केल्याखेरीज या प्रश्नाची चर्चा सचोटीने होऊच शकत नाही.

मात्र प्रश्न विचारणाऱ्यांनीही एक गोष्ट गृहीत धरलेली असते. देवाने एकदा लख्ख दर्शन दिले की माणसाचा संशय मिटेल आणि संशय मिटला की माणूस सुधारेल, अशी ती समजूत होय. भारतीय परंपरेने या समजुतीची कसोटी फार पूर्वीच घेऊन ठेवली आहे. महाभारताच्या उद्योगपर्वात श्रीकृष्ण शिष्टाईसाठी कौरवांच्या सभेत जातो आणि भर सभेत आपले विराट रूप प्रकट करतो. याहून उघड दर्शन ते कोणते? तरीही दुर्योधनाने पाच गावे दिली नाहीत की युद्धाचा हट्ट सोडला नाही. पुढे रणांगणावर अर्जुनाने विश्वरूप पाहिले, तेव्हा तो भयाने गलितगात्र झाला आणि पूर्वीचेच परिचित रूप घेण्याची विनवणी करू लागला. एकावर दर्शनाचा परिणाम झाला नाही, दुसऱ्याला ते सोसवले नाही.

संतचरित्रांतील नामदेवांची कथा तर याहून मार्मिक आहे. विठ्ठल ज्यांच्याशी बोलत असे, ज्यांच्या हातचा नैवेद्य प्रत्यक्ष खात असे, त्या नामदेवांच्या डोक्यावर गोरा कुंभारांनी संतमेळ्यात थापटणे मारून पाहिले आणि ‘हे मडके कच्चे’ असा निर्वाळा दिला. ज्याला देव रोज दिसत होता, तोच कच्चा ठरला! औंढ्या नागनाथाला विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून निजलेले भेटले आणि देव जेथे नाही अशी जागा दाखव, हा प्रश्न त्यांच्याकडून ऐकावा लागला, तेव्हा कोठे नामदेवांचे मडके भाजून निघाले. डोळ्यांना दिसणे हा ज्ञानाचा शेवट नव्हे, हे ज्या संप्रदायाचा देव विटेवर डोळ्यांसमोर उभा आहे त्याच संप्रदायाने सांगावे, याला महत्त्व आहे.

तत्त्वज्ञानाच्या अंगाने याचे उत्तर शोधावयाचे, तर त्यासाठीही दूर जाण्याचे कारण नाही. भंडारदऱ्याच्याच तालुक्यात हरिश्चंद्रगड आहे आणि चांगदेवांच्या तपश्चर्येची परंपरा या गडाशी जोडलेली आहे. ज्ञानेश्वरांना पत्र लिहिताना मायना काय घालावा, वयाने लहान म्हणून आशीर्वाद की ज्ञानाने थोर म्हणून नमस्कार, हे न सुचल्याने चांगदेवांनी कोराच कागद पाठविला, ही कथा प्रसिद्ध आहे. त्या कोऱ्या कागदाला ज्ञानेश्वरांनी पासष्ट ओव्यांचे जे उत्तर दिले, त्याचा आरंभच ईश्वराच्या लपण्याने होतो. तो लपतो म्हणून जग दिसते आणि तो प्रकटला की जगाचा आभास मावळतो, असा त्याचा आशय आहे. दागिना म्हणून पाहताना सोन्याचा विसर पडतो. म्हणून सोने कोठे दडी मारून बसलेले नसते. या विचारानुसार ‘देव का दिसत नाही’ हा प्रश्न, देव ही जगातील अनेक वस्तूंपैकीच एक वस्तू आहे, असे धरून चालतो आणि म्हणूनच अडखळतो.

हे उत्तर खोल आहे, परंतु ते थोड्यांच्या आवाक्यातले आहे. शेतात राबणाऱ्या, डोंगर चढणाऱ्या सामान्य माणसाने याच प्रश्नाचे उत्तर तत्त्वज्ञानात न शोधता कथांत शोधले. पैठणला एकनाथांच्या घरी श्रीखंड्या नावाचा गडी बारा वर्षे कावडीने गोदावरीचे पाणी भरीत होता. द्वारकेहून एक ब्राह्मण देवाचा शोध घेत आला, तेव्हा हा गडी म्हणजे प्रत्यक्ष श्रीकृष्ण असल्याचे नाथांना उमगले. पण ओळख पटते न पटते तोच गडी नाहीसा झाला. पैठणला तो रांजण नाथषष्ठीच्या वेळी भाविक आजही पाण्याने भरतात. काळसू आणि श्रीखंड्या या दोन कथा एकमेकींशेजारी ठेवल्या म्हणजे त्यांतले साम्य लक्षात येते. दोहोंत देव येतो तो चाकराच्या रूपाने, आणि दोहोंत तो ओळख देत नाही.

का देत नाही? कारण ओळख दिल्याबरोबर ज्याची परीक्षा व्हावयाची तेच नष्ट होते. घरातली मुलगी साक्षात देवी आहे, हे त्या घरधन्याला ठाऊक असते, तर त्याने तिला केर काढावयास सांगितले असते काय? त्याने तिला चौरंगावर बसवून तिची पूजा केली असती. पण त्या पूजेत सौजन्याचा भाग किती आणि भीतीचा अथवा लाभाचा किती, हे कोण सांगू शकणार? वरिष्ठ अधिकारी समोर उभा असताना कचेरीतला प्रत्येक कारकून कामसू असतो. त्या कामसूपणाला कोणी सद्गुण म्हणत नाही. जर्मन तत्त्वज्ञ इमान्युएल कांट याने १७८८ साली नेमका हाच विचार मांडला. ईश्वर आपल्या भयकारी ऐश्वर्यासह सतत डोळ्यांपुढे असता, तर नियमभंग टळले असते हे खरे. पण माणसाची वागणूक कळसूत्री बाहुल्यांसारखी झाली असती, हालचाली सगळ्या यथायोग्य आणि जिवंतपणा मात्र नाही. कांटने जे तर्काने सिद्ध केले, ते कळसूबाईच्या पायथ्याच्या लोकांनी एका मोलकरणीच्या कथेत सांगून टाकले.

अहमदनगर शहर १८३१ पासून अमेरिकन मराठी मिशनचे केंद्र होते. या मिशनच्या कार्यकर्त्यांनी जे शुभवर्तमान या जिल्ह्यातील गावोगावी नेले, त्यातही हेच सूत्र आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानातील न्यायनिवाड्याच्या प्रसंगी, भुकेल्याला ज्यांनी अन्न दिले ते आणि ज्यांनी दिले नाही ते, असे दोघेही एकच प्रश्न विचारतात, की प्रभो, आम्ही तुला कधी पाहिले होते? सज्जनांनाही त्याची ओळख पटलेली नव्हती, ही यातील मर्माची गोष्ट आहे. ओळख नसताना त्यांनी पाणी दिले, म्हणूनच त्या पाण्याला मोल आले.

या विचाराला मर्यादा आहेत आणि त्या झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. तान्हे मूल दगावलेल्या आईला, देव लपतो तो तुझ्या सद्गुणांची परीक्षा घेण्यासाठी, असे सांगणे हे तत्त्वज्ञान नव्हे, क्रौर्य आहे. तिला परीक्षा नको असते, कोणीतरी जवळ असावे एवढेच तिला हवे असते. देवाच्या अदृश्यतेने माणसाचे स्वातंत्र्य राखले जाते, हे मान्य केले तरी त्या स्वातंत्र्याची किंमत निरपराध्यांनी किती मोजावी, याचा हिशेब कोणत्याही दर्शनाने समाधानकारकपणे जुळवून दिलेला नाही. आगरकरांसारख्यांचा संशय आदरणीय ठरतो तो याचसाठी. तो हा हिशेब अपुरा राहिल्याची आठवण देत राहतो.

परंतु लपलेल्या देवाचा सर्वांत मोठा लाभ उठवितात ते संशयवादीही नव्हेत आणि भक्तही नव्हेत. तो उठवितात देव दाखविण्याचा धंदा करणारे. जे उघड नाही ते उघड करून दाखवितो, असे सांगणाऱ्याला गिऱ्हाइकांची वाण कधीच पडत नाही. नरेंद्र दाभोलकरांनी अशा धंद्याविरुद्ध कायदा व्हावा म्हणून वर्षानुवर्षे झगडा दिला. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाल्यानंतर त्याच वर्षी हा कायदा अस्तित्वात आला आणि तथाकथित चमत्कार करून पैसे उकळणे हा महाराष्ट्रात गुन्हा ठरला. वास्तविक या कायद्याचे स्वागत सर्वांआधी श्रद्धावानांनी करावयास हवे होते. बारा वर्षे पाणी भरून जो आपले नाव सांगत नाही, तो देव तिकीट लावून दर्शन देत असेल, हे त्यांच्याच परंपरेला मान्य होण्यासारखे नाही.

प्रवरा रतनगडावर उगम पावते. रतनवाडीच्या अमृतेश्वराच्या प्राचीन मंदिराजवळून ती भंडारदऱ्याच्या जलाशयात येते. पावसाळ्यात या मंदिराच्या गाभाऱ्यात पाणी भरून पिंड दिसेनाशी होते आणि त्याबद्दल कोणी भाविक तक्रार करीत नाही. १९२६ साली पूर्ण झालेल्या धरणाने हे पाणी अडविले, त्याच्या कालव्यांवर खालच्या तालुक्यांत ऊस उभा राहिला आणि प्रवरानगरला सहकारी साखर कारखानदारीचा पाया घातला गेला. शके १२१२ मध्ये ज्या नेवाशात ज्ञानेश्वरी सिद्ध झाली, त्या नेवाशावरून ही नदी गोदावरीला मिळते आणि पुढे पैठणला जाते. श्रीखंड्याच्या कावडीतले पाणी काही अंशी या डोंगरांतलेच होते, असे म्हणावयास हरकत नाही.

याच डोंगरांत घाटघर आहे. पाऊस इतका की त्याला जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात. तरीही वरच्या वाड्यावस्त्यांवरील बायाबापड्यांना उन्हाळ्यात डोक्यावर हंडा घेऊन पायपीट करावी लागते, हे गाऱ्हाणे पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे. शहरांतील घरांत भांडी घासणाऱ्या आणि केर काढणाऱ्या स्त्रियांसाठी घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा व्हावयास २००८ साल उजाडावे लागले. आणि कायदा झाला म्हणून त्यांच्या अटी घरोघरी पाळल्या जातात, असेही नव्हे. नवरात्रात कळसूबाईचा डोंगर चढून जाणाऱ्यांत अशी घरे असणारच, जेथे कामाला येणाऱ्या बाईला चहा वेगळ्या कपातून मिळतो.

देव सर्वांना उघड दर्शन का देत नाही, या प्रश्नाचे अंतिम उत्तर कोणाजवळ नाही. काळसूच्या कथेतील घरधन्यालाही ते मिळाले नाही. त्याला एवढेच कळले की, घरात एक मुलगी होती, तिची एक साधी अट होती आणि ती त्याने मोडली. देव दिसला नाही याबद्दल त्याला कोणी दोष देणार नाही. परंतु मुलगी तर त्याला दिसत होती.